होळीच्या चोरीचे कायदे

बत्तीस वर्षं मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, पण गावात शेवटपर्यंत मास्तरच राहिलो. "कॉलेज काय अन् शाळा काय, फळा तर फळाच ना," असं आमच्या गावाचं मत. द्वितीय वर्षाला 'सामाजिक विचलन' नावाचा एक धडा असायचा. समाजाने घालून दिलेली चाकोरी माणसं का मोडतात, कोणत्या मोडण्याला गुन्हा म्हणायचं, कोणत्याकडे काणाडोळा करायचा आणि हे ठरवतं कोण, असा तो विषय. विषय झकास, पण पुस्तकातली भाषा अशी की दुसऱ्या पानावर अर्धा वर्ग पेंगायला लागायचा. मग मी पुस्तक मिटायचो आणि म्हणायचो, "मी चोर आहे."

वर्ग खडबडून जागा व्हायचा. मागच्या बाकावरची पोरं मोबाईल खिशात टाकायची.

"एकदा नाही, लागोपाठ नऊ वर्षं मी चोऱ्या केल्यात. ज्यांच्या घरी चोरी केली त्यांनीच दुसऱ्या दिवशी मला पुरणपोळी वाढली. आता सांगा, मी गुन्हेगार की नाही?"

आणि मग मी त्यांना आमच्या होळीची गोष्ट सांगायचो.

कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. खाली आता एक्स्प्रेस वे आहे आणि शनिवारी-रविवारी त्यावर गाड्यांची रांग लागते. माझ्या लहानपणी खाली नुसती भातखाचरं होती. होळीच्या आधी आठ-दहा दिवस आमची टोळी कामाला लागायची. होळीला लाकूड विकत आणायचं किंवा मागून आणायचं म्हणजे गावाची अब्रू गेली. होळीचं लाकूड चोरूनच आणायचं, असा रिवाज होता. कुणाच्या कुंपणाचा खांब, कुणाची मोडकी बाज, कुणाच्या गोठ्याचं दार. एका साली तर आम्ही एका काकांची अख्खी बैठकीची खाट, काका शेतावर गेलेले पाहून, भर दुपारी डोक्यावर घेऊन गेलो होतो. काकू दारात उभ्या राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या आणि मध्येच "अरं, उंबऱ्याला धडकंल, तिरकी धरा!" असंही सांगत होत्या.

ही चोरी चोरी नव्हती, पण तिला कायदे होते, आणि ते पिनल कोडापेक्षा कडक होते. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी झाडाच्या फांद्या, पाला, शेणी शेताच्या कडेला रचून ठेवलेल्या असतात. त्या ढिगाला हात लावायचा नाही. त्याला हात लावला तर वर्षाच्या भाताला हात लावला. कामातलं अवजार न्यायचं नाही. मोडका नांगर चालेल, चालता नाही. सुतक असलेल्या घरात जायचं नाही, बाळंतीण असलेल्या घरात जायचं नाही. आणि ज्या घराला कुलूप आहे त्या घरातून काही उचलायचं नाही. हा शेवटचा कायदा मला फार आवडायचा. कारण असं की शिव्या द्यायला घरात माणूस पाहिजे. ओरडणं हा घरवाल्याचा हक्क, आणि त्याच्या शिव्या हसत हसत खाणं हे चोराचं कर्तव्य. ज्या घरात ओरडणारं कुणी नाही तिथून नेलं तर ती नुसती चोरी.

सगळ्यात मोठा कायदा होळीच्या माळाचा. माळावर पोचायच्या आत घरवाल्याने गाठलं तर वस्तू परत द्यायची, वर दोन रट्टे खायचे. पण वस्तू एकदा का ढिगावर पडली की ती होळीची. मग तिचा मालक पाटील असो की देवळाचा पुजारी, ढिगावरचं लाकूड परत काढायचं नाही.

एकदा मी आमच्याच घरचं बैलगाडीचं जुनं चाक पळवलं. चाक गडगडत नेता येतं, म्हणून मला ते सोपं वाटलं होतं. वडिलांनी पाहिलं आणि धोतराचा सोगा सावरत माझ्यामागे धावले. माळाच्या कडेला ते दहा पावलं मागे राहिले आणि चाक ढिगावर गेलं. वडील धापा टाकत उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे चोराच्या बापाला शिव्या द्यायला सुरुवात केली. चार शिव्या देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चोराचा बाप आपणच. ते मटकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझे वडील तसे कडक. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. अजूनही होळी म्हटलं की मला ते हसणं आधी आठवतं, पुरणपोळी नंतर.

आणि एक मावशी होत्या, गावाच्या टोकाला राहायच्या. जीभ अशी की कुत्रंसुद्धा त्यांच्या दारावरून सावरून जायचं. त्यांचे मालक वारले त्या वर्षी सुतकाच्या कायद्याने आम्ही त्यांचं घर सोडलं. पुढच्या वर्षीही सोडलं. एकट्या बाईला कशाला त्रास, असा आम्ही आमच्या मते मोठा विचार केला होता. संध्याकाळी होळी पेटायच्या आधी मावशी स्वतः माळावर आल्या. हातात मोडक्या खाटेचे दोन पाय होते. ते त्यांनी ढिगावर भिरकावले आणि आमच्या टोळीकडे वळल्या.

"मुडद्यांनो, माज्या घरात काय लाकूड न्हाई का? का मी मेले? माजं दार दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

त्यानंतरच्या वर्षापासून आम्ही पहिली चोरी त्यांच्या घरी करायचो. होळीच्या आदल्या दिवशी त्यांच्या मागच्या दाराला एखादं फळकूट टेकून ठेवलेलं असायचं. आम्ही ते उचललं की त्या आतून धावत यायच्या आणि घसा बसेपर्यंत शिव्या द्यायच्या. ही गोष्टही मी वर्गात हमखास सांगायचो. मी शेवटी म्हणायचो, "गाव ज्याच्या घरी चोरी करतं तो गावाचा. आता पुस्तक उघडा." बत्तीस वर्षं हे वाक्य मी मोठ्या झोकात म्हटलं. त्याची दुसरी बाजू काय, हे मी कधी फळ्यावर लिहिलं नाही, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची होळी. मी निवृत्त होऊन कायमचा गावी राहायला आलो होतो. होळीच्या दिवशी, गुरुवारी दुपारी आम्ही चौघं पारावर बसलो होतो: मी, आमचे माजी सरपंच, किराणा दुकानवाला आणि रेल्वेतून निवृत्त झालेला आमचा एक दोस्त. चौघंही जुन्या टोळीतले, चौघंही साठी ओलांडलेले. समोरून होळीचं लाकूड आलं. लोणावळ्याच्या वखारीतून, टेम्पोने. सारख्या लांबीचे कापलेले ओंडके, दोरीने बांधलेले. टेम्पोवाल्याने मागचं फाळकं पाडलं, ओंडके माळावर ओतले आणि निघून गेला. ना आरडा, ना ओरडा.

"होळी हाय का सिमेंटच्या गोण्या उतरवल्यात?" रेल्वेवाला म्हणाला.

"पोरं तरी कुटं हायत?" दुकानवाला म्हणाला. "धुळवडीची सुट्टी म्हंजी सीझन. सगळी हाटेलात कामाला."

"आन चोरायचं काय म्हनतो?" सरपंच म्हणाले. "समद्यांची घरं स्लॅबची. दारं पत्र्याची. खाटा लोखंडाच्या. गावात लाकूड उरलंय का?"

आम्ही चौघांनी गावावर नजर फिरवली. खरंच, नव्हतं. मग सरपंचांनी हळूच वर टेकाडाकडे पाहिलं.

टेकाडावर एक बंगला आहे. ती जमीन पूर्वी सरपंचांच्याच घराण्याची. त्यांच्या वडिलांनी विकली. मालक पुण्याचे, सुट्टीला येतात. त्या होळीच्या आधीच्या दिवाळीत त्यांनी बटण दाबलं की सरकणारं लोखंडी गेट बसवलं आणि जुनं सागवानी फाटक काढून मागच्या परसात भिंतीला टेकवून ठेवलं. परसाच्या मागून खाली उतरणारी गुरांची वाट आम्हाला बालपणापासून पाठ होती.

त्या बंगल्याची राखण तेव्हा अकरा वर्षं आमचाच एक शाळासोबती करत होता. सातवीपर्यंत तो आणि मी एका बाकावर बसायचो. त्याचं घर ओढ्यापलीकडे, बौद्ध वस्तीत. बरीच वर्षं तो आंबीकडच्या एका कारखान्यात होता. गुडघे दुखायला लागल्यावर त्याने हे काम धरलं. वस्तीतलं घर मुलाच्या संसाराला देऊन तो आणि त्याची बायको बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. लहानपणी तो आमच्या होळीच्या टोळीत नव्हता. त्यांच्याकडे होळी करत नाहीत, असं आम्ही म्हणायचो. ते खरंही होतं, त्यामुळे पुढचा विचार करायची कधी वेळ आली नाही.

"तो असंल ना वर?" मी विचारलं.

"लोणावळ्याला गेला असंल बाजाराला," कुणीतरी म्हणालं. आम्हाला ते ऐकायचंच होतं, म्हणून आम्ही ते ऐकलं.

कुलूपबंद घराचा कायदा चौघांपैकी एकालाही आठवला नाही. मालक पुण्यात. शिव्या द्यायला कोण होतं तिथे? आम्ही असा हिशेब केला की राखणदार आहे, म्हणजे घर बंद नाही. आणि राखणदार आपलाच आहे, म्हणजे विचारायचं कारण नाही. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.

सागवान जड असतं हे मला ठाऊक होतं. पण ते पन्नास वर्षांपूर्वीच्या खांद्यांना. गुरांच्या वाटेवर आम्ही ते फाटक चार वेळा खाली टेकवलं. रेल्वेवाल्याचं बायपास झालेलं, तो मागून नुसता "जोर लावा" म्हणत होता. सरपंचांचा पाय घसरला आणि ते बसल्या जागेवर दोन हात खाली सरकले. आम्ही इतके हसलो की पोटात कळा आल्या. खरं सांगतो, निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेताना मला आनंद झाला नव्हता तेवढा त्या वाटेवर झाला. वडील मागून धावत येतायत, असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी होळी पेटली. टेम्पोतले ओंडके भराभर जळाले. फाटक सावकाश, रुबाबात जळलं. मध्ये उभ्या केलेल्या एरंडाच्या फांदीपर्यंत ज्वाळा चढल्या तेव्हा मी तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली की नातवंडांनी माझं शूटिंग केलं. कितीतरी वर्षांनी होळी होळीसारखी वाटली.

शनिवारी सकाळी आमची ही गिरणीतून पीठ घेऊन आली. डबा खाली ठेवण्याआधीच तिने विचारलं, "तुम्ही वरच्या बंगल्याचं फाटक जाळलंत का?"

मी हसत हसत हो म्हणालो. ती हसली नाही.

गिरणीत तिला माझ्या शाळासोबत्याची बायको भेटली होती. शुक्रवारी दुपारी मालक पाहुण्यांना घेऊन आले. उर्शाच्या टोलनाक्यावरून फोन करून चहा टाकायला सांगितला, तोवर सगळं ठीक होतं. त्या फाटकाचं मोठं टेबल करायचं त्यांच्या मनात होतं; तेच दाखवायला पाहुण्यांना परसात नेलं, तर फाटक गायब. कॅमेरे सगळे पुढच्या बाजूला. मालकांनी पाहुण्यांसमोर याला विचारलं. हा म्हणाला, मला ठाऊक नाही. मालक म्हणाले, परसाला लागून तुझी खोली आहे आणि तुला ठाऊक नाही? भंगारवाल्याला दिलंस ना? रविवार संध्याकाळपर्यंत फाटक जागेवर आलं नाही तर सोमवारी लोणावळ्याला तक्रार देतो, आणि खोल्या रिकाम्या कर.

"ती बाई पिठाच्या डब्यावर डोकं टेकून रडत होती," ही म्हणाली. "अकरा वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नाही त्यांच्याकडून. आता या वयात पोलीस दारात येणार. चोर सोडून संन्याशाला फाशी देता की काय तुम्ही?"

मी लगेच जातो म्हणालो. चपला घातल्या. आणि बंगल्याकडे न जाता आधी बाकीच्या तिघांकडे गेलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर हा प्रसंग लोकांना सांगताना मी हा भाग गाळत आलो.

सरपंचांच्या मुलाकडे टेकाडावरच्या बंगल्यांची बांधकामाची कामं असतात. ते म्हणाले, "मास्तर, घाई करू नगा. श्रीमंत मानूस, सोमवारपोतुर इसरून जाईल. आन तक्रार दिली तरी सापडनार काय? राख?" दुकानवाल्याचा किराणा तिथे जातो, तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं," आणि वजन करायला वळला. रेल्वेवाला म्हणाला, पेन्शन आहे बाबा, पोलिसात नाव नको. मी तिघांवर चिडलो, घरी आलो, आणि दुपार गेली, संध्याकाळ गेली तरी घरातच बसलो. मलाही भीती वाटत होती. निवृत्त प्राध्यापक चोरीत सापडला, ही बातमी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कशी फिरेल, ते मला दिसत होतं. बायको जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं अर्धं तिने माझ्यावर सोडलं.

रविवारी सकाळी मी कॉलेजच्या समारंभांना घालायचो तो झब्बा आणि जाकीट घातलं आणि वर गेलो. गेट माझ्या शाळासोबत्याने उघडलं. डोळे सुजलेले, दाढी दोन दिवसांची. "या सर," एवढंच म्हणाला. एरवी तो मला अरे-तुरे करतो.

मालक व्हरांड्यात पेपर वाचत होते. पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. मी ओळख सांगितली, प्राध्यापक म्हटल्यावर ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. मी घाम पुसला आणि एका दमात सांगून टाकलं: तुमचं फाटक मी चोरलं, होळीत जाळलं, तुमच्या माणसाचा यात काही संबंध नाही, काय भरपाई असेल ती मी देतो, पोलिसात नाव माझं द्या. बाकी तिघांची नावं मी सांगितली नाहीत. मग होळीच्या चोरीचा रिवाज सांगितला, राबाचा कायदा, माळाचा कायदा. बत्तीस वर्षांची सवय. पाच मिनिटांत माझं व्याख्यान रंगलं.

मालकांचा चेहरा आधी ताठ होता, मग सैल पडला, मग ते चक्क टाळी देऊन हसले.

"काय सांगता सर! तुम्ही? स्वतः उचललंत?" त्यांनी आतून पत्नीला बोलावलं, पाहुण्यांना बोलावलं. "ऐका, ऐका, हे काय सांगतायत! अहो, आपल्याकडे अशा परंपरा आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही." मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. वडिलांची आणि चाकाची गोष्टही सांगितली. पाहुण्यांपैकी एकीने ती मोबाईलवर रेकॉर्ड केली. भरपाईचं नाव काढलं तर मालकांनी कानांवर हात ठेवले. "छे हो! फाटकाचं सोनं झालं. पण एका अटीवर. पुढच्या वर्षी मला बोलवायचं चोरी करायला."

"या की!" मी म्हणालो. "नक्की या. तुम्हाला पुढचं टोक देतो धरायला."

सगळे हसले. मीही हसलो. सुटलो एकदाचा, असं मला झालं होतं. तेवढ्यात माझा शाळासोबती चहाचा ट्रे घेऊन आला. मालक त्याला म्हणाले, "अरे, सरांनी नेलं होतं ते. गावची परंपरा आहे. उगाच बोललो मी तुला. पण तू लक्ष ठेवायला हवं होतंस की नाही?"

"व्हय साहेब," तो म्हणाला. "मला कळलं न्हाई."

त्याने कप ठेवले. माझा कप माझ्यासमोर ठेवताना त्याने वर पाहिलं नाही.

चहा घेऊन मी निघालो. मालकांनी त्याला मला खालपर्यंत सोडायला सांगितलं. मी मुद्दाम मागच्या परसातून, गुरांच्या वाटेने निघालो. तोही मागोमाग आला. भिंतीवर जिथे फाटक टेकलेलं होतं तिथे रंगाचा चौकोन वेगळा दिसत होता, आणि त्याच्या खोलीची खिडकी त्या चौकोनापासून चार हातांवर होती. ती उघडी होती. आत त्याची बायको घडी करून पेटीत भरलेले कपडे परत बाहेर काढत होती.

"तू त्या दिवशी बाजाराला गेला होतास ना?" मी विचारलं.

"हितंच व्हतो," तो म्हणाला. आता तो सरांशी बोलत नव्हता, माझ्याशी बोलत होता. "चौघास्नी बी बगितलं. तुजी धाप बगितली. सरपंच ढुंगनावर आपटला ते बी बगितलं. हसू आलं मला आत."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस? दोन दिवस शिव्या खाल्ल्यास!"

"काय सांगू? गावातल्या चार मोठ्या मानसांनी नेलं म्हनून? कुनी खरं मानलं असतं?" तो थांबला. "आन म्हनलं, तू येशील सांगायला. शुक्रवारी न्हाई आलास. काल न्हाई आलास. आज आलास."

"पण आम्ही उचलत होतो तेव्हा ओरडायचंस तरी. हक्कच होता तुझा."

"दारात आलतो मी. चपला घातल्या व्हत्या. तुमी पयल्यांदा फाटक खाली टेकवलं ना, तितंच, त्या दगडापाशी, तवा वाटलं, जड हाय, आता ह्यो मागं बगंल आन मला हाक मारंल. पाचवा गडी पायजे व्हता तुमाला."

मला त्याच्याकडे बघवेना. "अरे, तुमच्याकडे होळी करत नाहीत, म्हणून…" मी म्हणालो. पन्नास वर्षं घासलेलं वाक्य आपोआप तोंडातून आलं आणि अर्ध्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

"न्हाईच करत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आमच्या बापानं सोडली ती सोडली. तू बोलवलं असतंस तरी मी होळीवर आलो नसतो. पर त्या सायबाला तू पयल्या भेटीत बोलवलंस. मी तुज्या बाकावर सात वर्सं बसलो. न्हाई म्हनायला तरी मला इचारायचं व्हतंस."

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात वरून साहेबांनी त्याला हाक मारली. त्याने माझा हात सोडवला, "खडी हाय, जपून उतर," म्हणाला, आणि वर गेला.